चार पडद्यांतलं एक गाव

दादा गेल्यावर भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, की तुमचे भाऊ नेमकं काय काम करायचे. मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगत राहिले. पुढे पुन्हा हैदराबादला गेल्यानंतर त्याने जे काही केलं ते मलाही धड समजावून सांगता आलं नसतं. पण त्याआधीचं त्याचं एक काम मला पुरतं ठाऊक आहे, कारण मी त्यात हिंडून आले आहे. ते एक गाव होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा भैंशातल्या एका बी-बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत, चार संगणकांमध्ये त्याने ते वसवलं होतं. त्यात एक कडुनिंब होता, विहीर होती, शाळा होती, काही घरं आणि एक बैलगाडी होती. त्याचा फोटो कुणी काढला नाही. त्यात हिंडलेल्यांपैकी बाबा आधीच गेले, आता दादाही. म्हणून आठवतं तसं, सावकाश लिहून ठेवते आहे.

आम्ही भैंशाजवळच्या मुधोळचे, तेव्हाच्या आंध्रातले. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. दादा शिष्यवृत्तीवर हैदराबादला शिकला, तिथेच एका कंपनीत लागला आणि एका उन्हाळ्यात घरी आला तो पुढची काही वर्षं परत गेलाच नाही. भैंशाला कॉम्प्युटरचा क्लास काढतो म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात बाबांच्या न बोलण्याचे प्रकार होते. एकच पेपर दुसऱ्यांदा पहिल्या पानापासून वाचायला घेतला, की तो सगळ्यात वाईट प्रकार समजायचा. त्या दिवशी त्यांनी पेपर दुसऱ्यांदा घेतला. बाबांच्या मते चांगल्या आयुष्याचा अर्थ एकच होता: सरकारी कचेरीतली खुर्ची. जो आत खुर्चीवर बसतो त्याला कुणी दाराबाहेर उभं करू शकत नाही, असं ते म्हणायचे. त्यांचं हे म्हणणं कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळत होतं, पण जाणवत नव्हतं.

क्लासच्या दारावर दादाने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: चप्पल बाहेर काढावी. आत चार संगणक, त्यांच्यावर आईने शिवलेली फुलाफुलांची झाकणं. जवळच जिनिंगचा कारखाना होता. कापसाच्या दिवसांत रुईचे बारीक तंतू उडत येत आणि संगणकांच्या पंख्यांत अडकत. दादा रोज सकाळी दाढीच्या ब्रशने ते साफ करायचा. अडत्यांची मुलं हिशेब आणि टायपिंग शिकायला येत. खालचा दुकानदार पहिले काही महिने रोज वर डोकावून विचारायचा, "मास्टरजी, पिक्चर कब लगेगी?" दादा गंभीरपणे सांगायचा, "रील आनी है."

रविवारी क्लास बंद असे. मी बी.एड.च्या प्रवेशाचा अभ्यास करायचं निमित्त करून मुधोळहून बसने यायचे, येताना आईने दिलेल्या भाकरी घेऊन. अभ्यास फारसा होत नसे. दादा मला "मास्तरीण" म्हणायचा, अजून झाले नव्हते तरी.

हैदराबादला असताना त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की दूरदूरच्या शहरांतली माणसं आपापल्या संगणकासमोर बसून एकाच काल्पनिक जगात भेटतात, बोलतात, वस्तू उचलतात. ते त्याच्या डोक्यातून जाईना. शहरांचं राहू दे, म्हणाला, आपण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करून बघू. चारही संगणक त्याने एका काळ्या तारेने जोडले. ज्या संगणकावर जो बसेल त्याचं एक छोटं चित्र गावात उभं राही. दादाचं चित्र म्हणजे लाल पागोटं, माझं म्हणजे हिरवं लुगडं. बाण असलेली बटणं दाबली की चालायचं.

पहिल्या रविवारी आम्ही समोरासमोरच्या भिंतींना दोन संगणकांवर बसलो. मी म्हटलं, गाडी विहिरीपाशी आली. तो म्हणाला, विहिरीपाशी कुठे, शाळेसमोर आहे. मी उठून त्याच्या पडद्यावर पाहिलं, तर खरंच शाळेसमोर. त्याने येऊन माझ्यावर पाहिलं, तर विहिरीपाशी. दोन माणसं, एक गाडी आणि दोन जागा.

"मग खरी कुठं आहे?" मी विचारलं.

"दोनी खऱ्या," तो म्हणाला. "तेच तर लफडं आहे."

मग त्याने मला भाकरी खाता खाता समजावलं. मला वाटत होतं, गाव एका संगणकात आहे आणि बाकीचे तीन खिडकीतून त्याच्याकडे बघतात. तसं नव्हतं. गावं चार होती. प्रत्येक संगणकात आपापला कडुनिंब, आपापली विहीर, आपापली गाडी. तारेतून गाडी जात नाही, विहीर जात नाही. तारेतून फक्त बातमी जाते, की बाबा रे, माझ्याकडे असं झालं, तूही तुझ्याकडे तसं करून घे. बातमी वेळेवर पोचली तर चार गावं एक दिसतात. उशिरा पोचली किंवा वाटेत हरवली, तर ती हळूहळू चार वेगळी गावं होत जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आधी त्याने प्रत्येक वस्तूला बोलकं करून ठेवलं होतं. गाडी क्षणाक्षणाला सांगायची, मी इथे आहे, आता इथे आहे, आता इथे आहे. कडुनिंबसुद्धा सांगायचा, की मी अजून इथेच आहे. एवढ्या बोलण्याने तार भरून जायची आणि कामाची बातमी मागे अडकायची. दादाने मग नियम बदलला. बदल झाला तरच सांगायचं. गाडी निघाली की एकदाच सांगायचं: इकडून तिकडे, या चालीने निघाले. पुढचं ज्याने त्याने आपापल्या गावात धरून चालायचं. वळली किंवा थांबली, तर पुन्हा सांगायचं.

"बाबा सकाळी घरून निघाले की आई काय करते?" तो म्हणाला. "आता मारुतीपाशी असतील, आता शाळेत पोचले असतील, असं धरून चालते. मधात कोणी येऊन सांगते का तिला? पाय मुरगळला तरच कोणी पळत येते."

तेव्हापासून गाडी दोन्हीकडे एकाच जागी दिसू लागली. वळताना जराशी अडखळायची. आधी धरलेल्या वाटेवरून नव्या सांगितलेल्या वाटेवर यायला तिला क्षणभर लागायचं. मला ते अडखळणं आवडायचं.

नंतर बादलीचा प्रश्न आला. आम्ही दोघांनी एकाच वेळी बादलीला हात घातला, तर माझ्या गावात बादली माझ्या हातात आणि त्याच्या गावात त्याच्या. मग त्याने ठरवलं, की प्रत्येक वस्तूचा त्या त्या वेळी एकच धनी असेल. ज्याला हवी त्याने धन्याकडे मागायची आणि त्याने सोडली तरच उचलायची. मी मुद्दाम बादली सोडत नसे. तो त्याच्या भिंतीकडून ओरडायचा, "सोड ना वं," आणि मी म्हणायचे, "माग नीट."

एकदा मी त्याला विचारलं, की आपल्या गावाला तर दोन विहिरी होत्या, एक त्यांची आणि एक आपली. इथे एकच कशी?

"दोन ठेवल्या असत्या तर सांगायचं काम वाढलं असतं," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

पडद्याच्या तळाशी त्याने एक पट्टी ठेवली होती. कुठल्या संगणकाने कुणाला काय कळवलं ते तिच्यात उमटत जाई. मराठी अक्षरं त्याने ठिपका ठिपका जोडून स्वतः काढली होती, जराशी वाकडी. अशा प्रत्येक बातमीला त्याने नाव दिलं होतं 'सांगावा'. सांगावा: झाकण काढले. सांगावा: गाडी निघाली. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा खेळ थांबवला.

सांगावा म्हणजे निरोप, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच होता. माझा आजा गावकामगार होता. गावात कुणाच्याही घरी मयत झाली, की पैपाहुण्यांच्या गावांना जाऊन सांगायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांकडे होतं. आमच्या लोकांनी धम्म घेतल्यावर ही कामं सुटायला हवी होती आणि बहुतेकांची सुटलीही. पण आजाचं सुटलं नाही. ऐंशीच्या दशकात मी शाळेत जाऊ लागले होते, तेव्हाही पाटलाच्या घरून कुणी आलं की आजा काठी उचलायचा. काळ्या मातीतून चालत जायचं, त्या घराच्या अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं आणि फिरायचं. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी रीत होती. प्यायला दिलं असतं तर तेही वरून ओंजळीतच. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा पाय गुडघ्यांपर्यंत चिखलाचे असत आणि तो आधी रांजणाकडे जायचा.

बाबांना ते सहन होत नसे. स्वतः मास्तर, आणि बाप लोकांच्या दाराबाहेर उभा. एकदा त्यांनी बोलवायला आलेल्या माणसाला अंगणातच सांगितलं, की पाटलाच्या पोराकडे मोटारसायकल आहे, त्याला पाठवा. त्यानंतर कुणी आलं नाही. आजा पुढे दोनतीन वर्षं जगला. गावात कुठे रडणं ऐकू आलं, की उठून बसायचा आणि परत आडवा व्हायचा. तो गेल्यावर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही.

म्हणून मी दादाला म्हटलं, की दुसरा शब्द टाक, बाबांना चालायचं नाही.

"बाबा इथं कुठं येऊन राह्यले?" तो म्हणाला.

पण बाबा आले. मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकुनाची एक जागा निघणार होती. तिथल्या गिरदावराशी, म्हणजे महसूल निरीक्षकाशी, बाबांची ओळख होती. आयुष्यात कधी कुणाकडे काही न मागणाऱ्या बाबांनी त्याच्याकडे दादासाठी शब्द टाकला होता. आठवड्याभरात हो की नाही ते कळवायचं होतं. दादा घरी येत नव्हता आणि आईमार्फत विचारलं तर "बघू" म्हणत होता. तेव्हा एका रविवारी सकाळी बाबा माझ्यासोबत भैंशाच्या बसमध्ये बसले. क्लास काढल्यापासून ते तिथे पहिल्यांदाच येत होते. बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, की त्या खोलीला खिडकी आहे का. मी म्हटलं, आहे.

दादाला आम्ही येत असल्याचं ठाऊक नव्हतं. त्याने बाबांना पाहिलं आणि उभाच राहिला. बाबांनी दारावरची पाटी वाचली, चपला काढल्या आणि म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे." आम्हा दोघांना माहीत होतं, की हे बाबांकडून बरंच झालं.

त्यांनी नोकरीचा विषय लगेच काढला नाही. खुर्चीवर बसून पाणी प्यायले, पंख्याकडे पाहिलं, झाकणांवरची फुलं ओळखून "ही आईची साडी" म्हणाले. दादा आणि मी आपापल्या संगणकांवर बसलो होतो. माझा खेळ नेहमीसारखा सुरू झाला होता. विहिरीचं झाकण काढून मी बादली घेतली होती. बाबा थोडा वेळ माझ्या मागे उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, "मला बसव एकावर."

दादाने तिसरा संगणक सुरू केला. आमच्या दोघांच्या पडद्यांवर वेशीपाशी एक पांढरी टोपी उभी राहिली. दादाने नव्या माणसासाठी तेच चित्र काढून ठेवलेलं होतं. मला एकदम हसू आलं. मी हिरवं लुगडं टोपीजवळ नेलं आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली.

बाबा पडद्याला नाक लावून बसले होते. "इथं कोणीच नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी तुमच्या शेजारीच उभी आहे. ते म्हणाले, नाही. विहिरीवर झाकण आहे, गाडी वेशीत उभी आहे आणि माणूस एकही नाही. दादा उठून त्यांच्यामागे गेला. खरंच, बाबांच्या पडद्यावर रिकामं गाव होतं. आम्हाला बाबा दिसत होते, बाबांना आम्ही दिसत नव्हतो.

दादा तसाच उकिडवा बसला. काय झालं ते त्याच्या तोंडावरून मला कळलं, कारण नियम मला पाठ होते. बदल झाला तरच सांगायचं. आम्ही "मी आले," "मी आलो" हे सांगितलं होतं बाबा यायच्या आधी, झाकणही त्याआधीच निघालं होतं. बाबांच्या संगणकाने ते ऐकलंच नव्हतं. आता मी कितीही चकरा मारल्या तरी, जिला तो ओळखतच नाही तिच्या चालण्याची बातमी तो सोडून देत होता.

बाबांचं लक्ष तोवर तळाच्या पट्टीकडे गेलं होतं. त्यांनी बोट ठेवलं. "हा शब्द कोणी घातला?"

"मी," दादा म्हणाला.

"तुला माहीत आहे ना, तुझा आजा या कामापायी कुठं कुठं उभा राहिला?"

"माहीत आहे, बाबा." दादा बसल्या जागेवरूनच बोलत होता, बाबांकडे वर बघत. "दुसऱ्याचं सांगणं घेऊन जायचं, आपल्या पदरचं त्यात घालायचं नाही, वाटेत सांडायचं नाही. असं काम करणारा मले एकच माणूस माहीत आहे. मग दुसरं नाव कसं देऊ?"

बाबांनी पट्टीवरचं बोट उचललं. मला वाटलं, आता उठतील, चपला घालतील आणि गिरदावराचं नाव घेऊन एक वाक्य बोलतील, की संपलं. पेपर असता तर त्यांनी तो दुसऱ्यांदा उघडला असता.

"वाटेत सांडत नाही म्हणतोस," ते म्हणाले, "मग मला काऊन नाही मिळाला?"

दादा गडबडला. त्याने कबूल केलं, की ही चूक आहे. नंतर येणाऱ्याचा त्याने विचारच केला नव्हता. भैंशात लाईन गेली की चारही संगणक एकदम बंद पडत आणि आली की तो चारही एकदम सुरू करी. त्यामुळे त्याच्या गावात सगळे एकाच वेळी जन्माला येत. उशिरा आलेला माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. हे ऐकून बाबा चक्क हसले. वर्गात अर्धी मुलं उशिराच येतात, म्हणाले, धडा त्यांच्यासाठीच दोनदा सांगावा लागतो.

मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते आम्ही दोघांनीही तोवर ऐकलं नव्हतं. लहानपणी एकदा आजा त्यांना सोबत घेऊन गेला होता. कुणाची तरी आई वारली होती आणि लेकीच्या सासरी सांगायचं होतं. लेक शेतात होती. सासरच्यांनी म्हटलं, आम्ही सांगू तिला, तू जा. आजा अंगणाबाहेर पडला, पण गेला नाही. समोरच्या झाडाखाली उभा राहिला. ती शेतातून आली तेव्हा त्याने तिला अगदी पहिल्यापासून सांगितलं. ताप कधी आला, जवळ कोण होतं, शेवटी काय खाल्लं, कुणाचं नाव घेतलं. बाकीच्यांना नुसतं 'गेली' एवढंच सांगितलं होतं.

"मला घरी जायची घाई झाली होती," बाबा म्हणाले. "तहान लागली होती. मी म्हटलं, त्यांनी सांगतो म्हटलं ना? तर म्हणे, ते आत्ता जे झालं तेवढंच सांगतील. ही मागून आली, हिला सगळंच लागते." आणि मग म्हणाले, "उभाच होता तो. कोणी बस म्हटलं नाही."

खोलीत पंखा फिरत होता. दादाने हळूच विचारलं, की बसू का लिहायला, वेळ लागेल. बाबा म्हणाले, बस, मी कुठं जात नाही.

दुपारभर तो लिहीत होता. नवा माणूस गावात आला, की आधीपासून असलेल्यांपैकी एकाने पुढे व्हायचं आणि त्याला सगळं गाव आहे तसं सांगायचं: कोण कुठे उभं आहे, झाकण काढलेलं आहे की घातलेलं, बादली कुणाच्या हातात आहे. पुढे कोणी व्हायचं यावर आम्ही वाद घातला. आधीचे सगळेच एकदम सांगू लागले तर पुन्हा तार भरणार. जो सगळ्यात आधी आला असेल त्याने, असं ठरलं. बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या, माझ्या बी.एड.च्या पुस्तकातल्या दोन चुका दाखवल्या आणि परीक्षेत पहारा देताना विचारतात तसं मधून मधून विचारत राहिले, "झालं का?"

झालं तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा पुन्हा वेशीत उभे राहिले आणि त्यांच्या पडद्यावर एकदम विहीर उघडली, गाडी कडुनिंबाखाली गेली, लाल पागोटं आलं, हिरवं लुगडं आलं. बाबा दचकून मागे सरले. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, तुम्ही भलत्याच जाड दिसता." ते चित्र दादाने काढलं आहे, हे मी त्यांना सांगितलं. ते बाण दाबत विहिरीपाशी गेले आणि त्यांनी बादली मागितली. मी सोडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी ती एका मागण्यात सोडली.

शेवटच्या बसची वेळ झाली. दादा आम्हाला सोडायला जिन्याखाली आला. दुकानदार शटर ओढत होता. दादाने बाबांकडे न बघताच विचारलं, "गिरदावराले काय सांगू?"

"तू काही सांगू नको," बाबा म्हणाले. "शब्द मी टाकला होता. उद्या शाळा सुटली की मीच जातो आणि नाही म्हणून सांगतो. असलं तोंडानंच सांगावं लागते."

दादा वाकून त्यांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या खांद्यावरचा कापूस झटकला.

बसमध्ये मला खिडकी मिळाली. बाबा डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. मुधोळ जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "त्याला म्हण, विहिरीजवळ एक ओटा कर. मागून येणाऱ्याला बसायला."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ओटा होता. मी चारही पडद्यांवर जाऊन पाहिलं.